‘.३७५’ची अट आणि यवतमाळचे जंगल

राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या कार्यपद्धतीत बंदुकीबद्दल एक छोटी अट आहे. माणसाच्या जिवाला धोका ठरलेला वाघ बेशुद्ध करून पकडणे जमलेच नाही आणि त्याला मारायची वेळ आली, तर वापरायचे हत्यार .३७५ मॅग्नमपेक्षा लहान बोअरचे नसावे. खात्यात तसा निष्णात माणूस असेल तर त्याने ते चालवावे; नसेल तर मुख्य वन्यजीव रक्षकाने बाहेरचा किंवा दुसऱ्या राज्यातला जाणकार बोलवावा. पहिले वाक्य काडतुसाबद्दल आहे, दुसरे माणसाबद्दल. यवतमाळ जिल्ह्यात २०१८ साली जे घडले ते या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत घडले.

मोठ्या जनावराला कोणते काडतूस आणि किती वजनाची गोळी, हा प्रश्न आपल्याकडे आता जुन्या शिकारकथांच्या वाचकांचा किंवा परदेशातल्या हौशी लोकांचा समजला जातो. वाघाच्या शिकारीवर १९७० मध्ये बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि हौशीची शिकार संपली. प्रश्न मात्र संपला नाही. राळेगाव, पांढरकवडा, झरी-जामणीच्या पट्ट्यात तो आजही दोन वाटांनी येतो. एक, कायद्याच्या कलम ११ खाली क्वचित निघणारा वाघाचा आदेश. दुसरी वाट रोजची: पऱ्हाटी, तूर आणि सोयाबीनच्या वावरात शिरणारे रोही, म्हणजे नीलगायी, आणि रानडुक्कर. दोन्हीकडे गोळी सुटते ती परवान्याने, आणि ती कोणती असावी याचा विचार फारसा होत नाही.

आधी मापे पाहू. गोळीचे वजन ग्रेनमध्ये सांगतात. ७००० ग्रेन म्हणजे एक पौंड, एक ग्रेन म्हणजे ०.०६५ ग्रॅमच्या आसपास. ‘बोअर’ हे त्याहून जुने माप. एका पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक जिच्यात बसेल ती नळी बारा बोअरची. म्हणजे गोल गोळीच्या काळात नळी ठरली की वजनही ठरले. बारा बोअरची शिशाची गोळी ५८३ ग्रेनची, ३८ ग्रॅमच्या जवळपास. जड गोळी हवी तर मोठी नळी घ्या, दुसरा मार्ग नव्हता. जेम्स फॉर्सिथ या मध्य प्रांतात वनखात्याचे काम केलेल्या लष्करी अधिकाऱ्याने १८६० च्या दशकात शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या या विषयावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. मोठी गोल गोळी, भरपूर दारू आणि नळीतला पीळ सैल, हा त्याचा आग्रह. सातपुड्याच्या झाडीत जनावर जवळून दिसते, क्षणभर दिसते. तिथे दूरच्या नेमापेक्षा जवळचा जोरदार आघात कामाचा, असे त्याचे गणित होते. जंगलाच्या स्वभावाचे त्याचे निरीक्षण आजही खोटे नाही. टिपेश्वर अभयारण्याच्या सागवानात आणि घाणेरीच्या जाळीत आजही साठ मीटरांपलीकडचे काही स्वच्छ दिसत नाही.

पुढच्या पन्नास वर्षांत काडतुसांची जी झुंबड उडाली तिच्या तपशिलात शिरत नाही. ‘एक्स्प्रेस’ रायफलींनी हलकी गोळी वेगाने फेकली. ती हरणांवर चालली आणि जाड जनावरांच्या खांद्यावर वरच्यावर फुटून गेली. मग धूरविरहित दारू आली आणि १८९८ मध्ये रिग्बीच्या .४५० नायट्रो एक्स्प्रेसने ४८० ग्रेनची गोळी सेकंदाला साडेसहाशे मीटरच्या वेगाने फेकून जुन्या अवजड बंदुका मोडीत काढल्या. गंमत अशी की हेच काडतूस भारतात फार टिकले नाही. मार्टिनी-हेन्री या लष्करी रायफलीची गोळीही .४५० चीच, चोरीच्या रायफलींना दारूगोळा मिळू नये म्हणून सरकारने १९०७ मध्ये या मापावर बंदी घातली. लंडनच्या कारागिरांनी लगेच .४६५, .४७०, .४७५ अशी शेजारची मापे काढली. जनावराला या बदलाने काहीच फरक पडला नाही. आपल्याकडे काडतुसाची निवड जनावर पाहून जितकी झाली तितकीच पोलिसांची भीती पाहून झाली, आणि हे आजही खरे आहे: .३०३ नागरिकाला मिळत नाही कारण ते लष्करी माप, म्हणून .३१५.

.३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम १९१२ चे. त्याची ३०० ग्रेनची, म्हणजे साडेएकोणीस ग्रॅमची गोळी नळीतून सेकंदाला ७७० मीटरच्या वेगाने निघते. ऊर्जा ५७०० ज्यूलच्या वर. तुलनेसाठी: .३०-०६ ची १८० ग्रेनची गोळी चार हजार ज्यूलच्या जरा आत, आपल्या सरकारी कारखान्याच्या .३१५ ची २४४ ग्रेनची गोळी तीन हजारांच्या आसपास, आणि १९५६ च्या .४५८ विंचेस्टर मॅग्नमची ५०० ग्रेनची गोळी साडेसहा हजारांच्या घरात. आफ्रिकेतल्या अनेक देशांनी हत्ती, रानरेडा, सिंह यांच्यासाठी .३७५ ही किमान मर्यादा मानली. आपल्या कार्यपद्धतीतली अट त्याच परंपरेतली दिसते.

अट योग्य आहे का? ती गोळीविद्येच्या अंगाने सुरक्षित आहे, अनिवार्य नाही. वाघीण साधारण शंभर ते दीडशे किलोची, नर दोनशेच्या आसपास. कातडी पातळ, हाडे रानगव्यासारखी नाहीत. जिम कॉर्बेटने रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या १९२६ मध्ये मारला तो .२७५ रिग्बीने, जिची गोळी १४० ग्रेनची, नऊ ग्रॅम. वाघांसाठी त्याच्या हातात अनेकदा .४५०/४०० ची दुनळी असे, ४०० ग्रेनची. तिकडे आफ्रिकेत वॉल्टर बेलने .२७५ च्याच न फुटणाऱ्या गोळ्यांनी शेकड्यांनी हत्ती पाडले. पण बेलला हत्तीच्या डोक्याची रचना पाठ होती, आणि हत्ती निर्धास्त उभा असताना तो नेम धरी. जखमी वाघ झाडीतून अंगावर येत असताना समोर उभ्या वनरक्षकाला बेलचे उदाहरण देणे हा क्रूर विनोद होईल. किमान मर्यादा ठेवायची ती वाईट क्षणासाठी, वाईट कोनासाठी. वाघ समोरून येतो तेव्हा गोळीला छातीच्या हाडातून, स्नायूतून लांब वाट कापावी लागते. ही वाट कापण्याची क्षमता ऊर्जेच्या आकड्यात दिसत नाही. ती गोळीच्या वजनाचे तिच्या जाडीशी असलेले प्रमाण आणि तिची बांधणी यांवर ठरते.

बांधणीचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि सरकारी अटीत नेमका तोच नाही. त्याच .३७५ मध्ये ३०० ग्रेनची मऊ नाकाची गोळी घातली तर ती वाघाच्या छातीत फुलते, हृदय-फुप्फुसात रुंद वाट पाडते आणि बहुधा पलीकडच्या कातडीपाशी थांबते. त्याच वजनाची पूर्ण आवरणाची, न फुलणारी गोळी घातली तर ती वाघातून आरपार जाते, आणि मागे वस्ती असेल तर तिकडे जाते. वजन एकच, परिणाम उलटे. शिवाय वजनाचे जुने गणितही आता ढिले झाले आहे. जॉन नॉस्लरने १९४८ मध्ये मधोमध तांब्याची भिंत असलेली गोळी बाजारात आणली; पुढचा भाग फुलतो, मागचा अर्धा शाबूत राहून आत जातो. १९८९ पासून संपूर्ण तांब्याच्या गोळ्या मिळू लागल्या. त्या फुटून वजन गमावत नाहीत, म्हणून २५० ग्रेनची अशी गोळी जुन्या ३०० ग्रेनच्या शिशाइतकी खोल जाते. जुन्या शिकाऱ्यांचा ‘जड तेवढी भली’ हा ठोकताळा मऊ शिशाच्या काळातला आहे. झुडपे कापत जाणारी जड, मंद गोळी ही आणखी एक आवडती समजूत. काडीला लागली की प्रत्येकच गोळी वाट बदलते. झाडीतून बार टाकू नये, एवढेच त्यातून शिकायचे.

आणि धक्का. .४५८ चा दणका .३०-०६ च्या दुपटीहून बराच जास्त. ज्याने वर्षात दहा गोळ्या झाडल्या नाहीत त्याच्या हातात .४५८ दिली तर चाप ओढण्याआधीच त्याचे डोळे मिटतात. मोठे काडतूस चुकलेल्या नेमाची भरपाई करते हा भ्रम आहे. पोटात लागलेली ५०० ग्रेनची गोळीही वाघाला जखमी करूनच सोडते.

आता राळेगाव. टी-१ किंवा ‘अवनी’ या वाघिणीच्या नावावर पांढरकवडा-राळेगाव भागात दोन वर्षांत १३ मृत्यू जोडले गेले. ते सगळे तिचेच की काय याबद्दल वाद होता. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्याबद्दल वनखात्याने काढलेल्या आदेशात हस्तक्षेप करायला नकार दिला. आदेशाचा क्रम स्पष्ट होता: आधी बेशुद्ध करून पकडा, न जमल्यास गोळी. मोहिमेत ट्रॅप कॅमेरे होते, हत्ती होते, पॅराग्लायडर होते, इटालियन जातीचे कुत्रे होते, अत्तरही होते. ताडोब्याहून आणलेला एक हत्ती सुटला आणि त्याने एका बाईचा जीव घेतला. २ नोव्हेंबरच्या रात्री बोराटीच्या जंगलात असगर अली खान यांच्या गोळीने वाघीण मेली. आदेश त्यांचे वडील, खात्याने बोलावलेले शिकारी शफाअत अली खान, यांच्या नावाने होता. ते त्या वेळी तिथे नव्हते.

असगर यांचे म्हणणे असे की आधी डार्ट मारला, वाघीण जीपवर उलटून आली, म्हणून आठ-दहा मीटरवरून स्वसंरक्षणार्थ गोळी झाडली. प्राधिकरणाच्या चौकशीने वेगळे चित्र मांडले. गोळी लागली तेव्हा वाघिणीचे तोंड बंदुकीच्या विरुद्ध दिशेला असावे असा शरीरावरच्या खुणांचा अर्थ निघाला. डार्टमधले औषध ५६ तासांपूर्वी भरलेले होते. ते २४ तासांत वापरायचे असते. पशुवैद्यक जागेवर नव्हता. अंधार पडल्यावर बेशुद्ध करायचा प्रयत्न करू नये हा साधा नियम मोडला गेला. डार्ट लागल्यावरही औषध चढायला पाच ते पंधरा मिनिटे लागतात. त्या मिनिटांत बिथरलेले जनावर कुठे जाईल याचा अंदाज दिवसाच घेता येतो.

या सगळ्यात काडतुसाची निवड चुकली असे कोणी म्हटले नाही. आठ-दहा मीटरवर, शंभर-दीडशे किलोच्या जनावरावर, .३७५ काय आणि .३०-०६ काय. अट पाळली गेली की नाही हा प्रश्नच तिथे बिनमहत्त्वाचा होता. माझा आक्षेप थोडा आडवळणाचा आहे: काडतुसाची अटच माणूस ठरवते. आपल्या सरकारी कारखान्यांच्या नागरी विक्रीतल्या ओळखीच्या रायफली म्हणजे .३१५ आणि अलीकडची .३०-०६. .३७५ बाळगणारे लोक म्हणजे जुन्या शिकारी किंवा संस्थानी घराण्यांचे वारस. पन्नास-साठच्या दशकांत परदेशी पाहुण्यांना वाघ दाखवून मारू देणाऱ्या शिकार कंपन्या होत्या; नागपूरची ‘ऑल्विन कूपर’ त्यातली नामांकित, पुढे केंद्रीय मंत्री झालेल्या विद्याचरण शुक्लांची. तो धंदा बंद झाला, हत्यारे आणि ती चालवायची सवय मोजक्या घरांत राहिली. म्हणून वनखात्याने कागदावर ‘.३७५’ लिहिले की शोध याच घरांपाशी येऊन थांबतो. रायफल त्यांची, काडतूस त्यांचे, रात्रही त्यांच्या सोयीची. खाते आदेश देणारे राहते आणि चाप दुसऱ्याच्या बोटाखाली जातो.

विदर्भातलाच उलटा दाखलाही आहे. राजुऱ्याचा आरटी-१ वाघ ऑक्टोबर २०२० मध्ये आणि १३ मृत्यू नावावर असलेला सीटी-१ ऑक्टोबर २०२२ मध्ये गडचिरोलीकडे जिवंत पकडला गेला. दोन्ही वेळा खात्याची माणसे, दिवसाचे काम, डार्ट. सीटी-१ च्या नावावरची मृत्यूंची संख्या अवनीइतकीच, जंगल तितकेच दाट. वाघाच्या बाबतीत काडतुसाची चर्चा म्हणूनच शेवटच्या एक टक्क्याची आहे. ती करावी, पण तिथूनच सुरुवात करू नये.

रोही आणि डुकराची गोष्ट वेगळी. तिथे डार्टचा पर्याय व्यवहारात नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दोन्ही जनावरे दुसऱ्या अनुसूचीत आहेत आणि पिकाच्या नुकसानीसाठी कलम ११ खाली मारण्याची परवानगी मिळू शकते. राज्याच्या २०१५ च्या निर्णयाने ती वनपरिक्षेत्राच्या पातळीवर आणली. कागद मिळाला, बंदूक कुठली? शस्त्र अधिनियम १९५९ चे कलम १३ पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक आणि संरक्षणासाठी किमान २० इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक धरून चालते. गावात जी एखाद-दुसरी परवान्याची बंदूक असते ती म्हणून बारा बोअरचीच. तिच्यात एलजीचे छर्रे घालतात, औंसाला सहा. एक छर्रा साडेचार ग्रॅमचा.

डुकरावर वीस-पंचवीस मीटरपर्यंत हे चालते. त्यापुढे छर्रे फाकतात आणि एखादा पोटात, एखादा पायात लागून डुक्कर तुरीत शिरते. सकाळी कापणीला गेलेल्या बाईच्या अंगावर ते उठते तेव्हा रात्रीच्या बाराचा हिशेब कोणी लावत नाही. रोह्यावर तर छर्रे घालूच नयेत. पूर्ण वाढलेला नर दोनशे-अडीचशे किलोचा, मानेची आणि खांद्याची कातडी ढालीसारखी, आणि चिवटपणा असा की फुप्फुसाला टोचून गेलेला छर्रा घेऊन तो दोन शिवार ओलांडतो. बारा बोअरमध्येच एकसंध गोळी घातली तर चाळीस मीटरपर्यंत काम नीट होते. रायफल असेल तर रोह्याला .३०-०६ ची १८० ग्रेनची किंवा .३१५ ची २४४ ग्रेनची मऊ नाकाची गोळी पुरेशी आहे, पुढच्या पायाच्या रेषेत, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात. .३१५ ला शिकारी मंडळी नाक मुरडतात. वेग कमी, नेमाची वाट वाकडी. पण जिथे साठ मीटरांच्या पुढे बार टाकायचाच नाही तिथे हे दोष दोष नाहीत. जड, मंद, फुलणारी गोळी शेताला जास्त सोयीची.

रायफलीची खरी अडचण वेगळी आहे. .३०-०६ ची चुकलेली गोळी तीन किलोमीटरपलीकडे जाऊ शकते, आणि आपल्या शेतांत रात्री जागलीला माणसे असतात, धुऱ्याधुऱ्याला. म्हणून रायफल वापरायची तर माळ्यावरून, खालच्या कोनात, म्हणजे गोळी जनावरातून निघाली तरी काळ्या मातीत रुतेल. सपाट वावरात उभे राहून बार टाकणाऱ्याच्या हातात कितीही योग्य वजनाची गोळी दिली तरी ती अयोग्यच. बिहारमध्ये २०१६ साली मोकामाच्या टालात रोही मारायला बाहेरचे बंदूकवाले आणले गेले आणि दोनशेहून जास्त जनावरे पडली. गंगेकाठच्या उघड्या माळावर जे जमले ते झरी-जामणीच्या जंगलाला लागून असलेल्या वावरात जमणार नाही, आणि जमवूही नये.

परवाना, बंदूक आणि नेम हे तिन्ही एका शेतकऱ्याकडे एकत्र येत नाहीत, म्हणून तो तार लावतो. झटका मशीन असते तोवर ठीक. थेट खांबावरून प्रवाह सोडला की तो जनावर ओळखत नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये वर्धा जिल्ह्यात ब्रह्मपुरीहून आलेली वाघीण अशाच तारेवर मेली. तिला मारण्याचा सरकारी आदेश निघालेला होता, बंदूकवाले तिच्या मागावर होते, आणि काम केले एका कुंपणाने. तारेखेरीज फासे आहेत, गावठी बॉम्ब आहेत. एप्रिल २०२१ मध्ये मुकुटबनकडे गुहेत मारलेली वाघीण सापडली, पंजे तोडलेले. तिथेही रायफल नव्हती. जिल्ह्यातल्या मोठ्या जनावरांचा जीव घेणाऱ्या गोष्टींची यादी केली तर योग्य वजनाची गोळी तिच्यात कुठेतरी तळाला सापडेल.

तेव्हा वनखात्याने दोन गोष्टी कराव्यात. पांढरकवडा वनविभागात खात्याचेच चार-पाच कर्मचारी निवडून त्यांना .३७५ आणि .३०-०६ अशा दोन रायफली द्याव्यात, गोळीची बांधणी लेखी ठरवून द्यावी आणि वर्षभर मैदानावर सराव करवावा. वाघाचा आदेश निघो न निघो, रोही-डुकराच्या परवान्यावर हीच माणसे जावीत. त्यांचा हात चालू राहील आणि शेतकऱ्याला तारेऐवजी कोणाला तरी बोलावता येईल. दुसरी गोष्ट बिनखर्चाची. रोही-डुक्कर मारण्याच्या प्रत्येक परवान्याच्या मागे चार रकाने छापावेत: काडतूस कोणते, अंतर किती, मेलेली जनावरे किती, जखमी होऊन निसटलेली किती. कोणती गोळी यवतमाळच्या वावरात चालते याचे उत्तर दोन हंगामांत त्या रकान्यांतूनच मिळेल.